वाळीत टाकलेलं घर आणि परदेशातला भाऊ

रायगड जिल्ह्यातल्या वाळीत प्रकरणांवर या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रं आली, त्यांतली बरीचशी परदेशातून आली आहेत. पनवेल, उरण, अलिबागकडची माणसं आखातात गेली, अमेरिकेत-ऑस्ट्रेलियात गेली, पण गावच्या बैठकीत रात्री काय ठरलं ते सकाळी त्यांच्या फोनवर असतं. गाव दोन तटांत फुटलेलं पाहून जीव तुटतो आणि काहीतरी करावंसं वाटतं, हा सूर सगळ्या पत्रांत आहे. काही निवडक शंकांना उत्तरं देत आहे. नावं मुद्दाम गाळली आहेत.

शंका : मी दोह्यात एका बांधकाम कंपनीत सुपरवायझर आहे. आमचं गाव पनवेल तालुक्यात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत धाकट्या भावाने गावकीने ठरवलेल्या उमेदवाराच्या विरोधात काम केलं, म्हणून आमचं घर वाळीत टाकलं आहे. दुकानदार सामान देत नाही, गणपतीत आरतीला कुणी आलं नाही, शिमग्याची पालखी आमचं दार सोडून पुढे गेली. पंच म्हणतात, पन्नास हजार दंड भरा आणि देवळात नारळ ठेवून माफी मागा. पैशांची अडचण नाही. भरून मोकळं व्हावं का? की इथूनच पोलिसांत तक्रार करू?

समाधान : दंड भरू नका. गावकीला दंड वसूल करण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. शिवाय तुमच्या दोह्याच्या पगारातून दंड भरला गेला की दंडाचा आकडा वाढतो आणि पुढचं घर तुमच्यापेक्षा गरीब असलं तरी त्याच्याकडून तेवढाच मागितला जातो. ज्यांच्या घरचं कुणी परदेशात नाही, त्यांनी मग काय करायचं?

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. तो २०१६ साली विधिमंडळात मंजूर झाला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ पासून लागू आहे आणि असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. त्यामागे मोठी खटपट आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृतीविरुद्ध कायदा केला होता, पण बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं वाळीत पडलेल्या माणसाला दाद मागायला नेमका कायदाच नव्हता. २०१३ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली, रायगडमधली प्रकरणं एकामागून एक बाहेर आली आणि मग हा कायदा झाला.

तुम्ही लिहिलेलं सगळं या कायद्याच्या व्याख्येत बसतं. सेवा किंवा व्यवहार नाकारणं, सण-समारंभ आणि धार्मिक कार्यक्रमांत येऊ न देणं, सभागृह किंवा स्मशान वापरू न देणं, संबंध तोडायला इतरांना भाग पाडणं, हे सगळं त्यात आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बैठक बोलावणारा आणि बहिष्काराच्या बाजूने मत देणाराही यातून सुटत नाही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना नोंद घ्यावीच लागते, पण जामीनपात्रही आहे. पंच लगेच आत जातील आणि गाव शांत होईल अशी आशा धरू नका.

तक्रार बाधित व्यक्ती किंवा तिच्या कुटुंबातली कुणीही व्यक्ती पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करू शकते. त्यामुळे कागदोपत्री तुम्हालाही करता येईल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार ऑनलाइन माहितीही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. दोह्यातून ते जमणं कठीण. पण माझा आक्षेप सहीच्या अडचणीपुरता नाही. तक्रार तुमच्या नावाने झाली तरी तिची झळ भावाला बसणार आहे. त्याची मुलं त्याच शाळेत जातात, त्याची बायको त्याच गिरणीवर दळण नेते. तेव्हा तक्रार करायची की नाही आणि केव्हा, हे त्या दोघांनी ठरवायचं. तुम्ही त्यांच्या पाठीशी राहायचं. वकिलाची फी, तालुक्याला मारायच्या खेपा, दुकानाने सामान बंद केल्यावर पनवेल बाजारातून भरायचा किराणा, या खर्चासाठी तुमचे पन्नास हजार वापरा.

पुराव्याचं मात्र आतापासून बघा. अशा प्रकरणांत पंच फार हुशारीने वागतात. दंडाची पावती मिळते, पण तिच्यावर ‘मंदिर देणगी’ असं लिहिलेलं असतं. बैठकीचं इतिवृत्त नसतं, निरोप तोंडी जातो. भावाला सांगा, रोजच्या वहीत तारीखवार नोंद ठेव : अमुक दिवशी अमुक दुकानात गेलो, कुणासमोर काय उत्तर मिळालं. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेला मजकूर जपून ठेवायचा. ग्रुपमधून काढून टाकलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉटही. बहिष्कार घालण्यासाठी बैठक भरणार असल्याची कुणकुण आधी लागली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. अशा बैठकीला मनाई करण्याचा अधिकार त्यांना या कायद्याने आहे. तसा अर्ज रीतसर आवक क्रमांक घेऊन द्यायचा.

आणि तडजोडीची वाट शेवटपर्यंत उघडी आहे हेही ध्यानात ठेवा. बाधिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असली तर गुन्हा मिटवता येतो. माझ्या मते बहुतेक गावांत शेवट असाच व्हावा. फक्त तो भावाच्या अटींवर व्हावा, नारळ ठेवून नव्हे.

शंका : आम्ही एकाच गावचे काही जण न्यू जर्सीत आहोत. गावात दोन जातींच्या दोन आळ्या, दोन देवळं, आता स्मशानातही वेगळे ओटे. सगळ्यांसाठी एक मोठं समाजमंदिर बांधून द्यावं, म्हणजे लोक एकत्र येतील, असा विचार आहे. पैसे थेट पंचकमिटीच्या खात्यात पाठवले तर चालतील का?

समाधान : चालणार नाहीत. तुमच्यापैकी ज्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आहे, त्यांचं भारतीय नागरिकत्व संपलं आहे. हातात ओसीआय कार्ड असलं तरी परकीय योगदान कायद्याच्या दृष्टीने ते परकीय स्रोत ठरतात. त्यांची देणगी घ्यायची तर संस्थेकडे केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरली जात नाही. मग भावाच्या खात्यात पाठवू आणि तो कमिटीला देईल, असा मार्ग कुणी सुचवेल. त्या मार्गाने गेलात तर अडकेल तो भाऊ. पंचकमिटी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, तिचे हिशेब तपासले जातात का, हेही आधी विचारा. बऱ्याच गावांत या दोन्ही प्रश्नांवर गप्प बसतात आणि गावातली निम्मी भांडणं देवळाच्या हिशेबावरूनच सुरू झालेली असतात.

कायद्याचं एवढं पुरे. या बेताबद्दलच मला काळजी वाटते. दुभंगलेल्या गावात समाजमंदिर उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो तो किल्लीचा. किल्ली कुणाच्या घरी राहणार? एका आळीतल्या मुलीचं लग्न ठरलं आणि तारखेला ‘हॉल रिकामा नाही’ असं उत्तर मिळालं, तर तुमच्या डॉलरमधून फुटीला पक्की भिंत बांधली गेली असं होईल. इमारत हवीच असेल तर आधी दोन्ही आळ्यांतली माणसं आणि त्यांतल्या बायका विश्वस्त म्हणून नेमा. वापराचे नियम आणि भाडं दारावर मराठीत लावा. आणि हे करायला गावात कुणी तयार नसेल, तर पैसे तूर्त जवळच राहू द्या.

स्मशानाचं काम त्याहून आधी हाती घ्या. सार्वजनिक स्मशानात जातीवरून अडवणं हा गुन्हा आहे. अडवलेलं कुटुंब अनुसूचित जाती-जमातीतलं असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. तो बराच कडक आहे. त्यात सामाजिक किंवा आर्थिक बहिष्काराची धमकी हादेखील गुन्हा आहे आणि अटकपूर्व जामिनाची वाट बंद आहे.

शंका : मी जर्मनीत संशोधन करतो. बाबासाहेबही परदेशात शिकले आणि परत येऊन त्यांनी समाज हलवला. सिअॅटलने जातिभेदाविरुद्ध कायदा केला तेव्हा वाटलं, हे बाहेरूनही होऊ शकतं. दोन-तीन वर्षांत परतून रायगडमध्ये काम करायचं आहे. बाहेर राहून आलेल्या माणसाचं लोक ऐकतील का?

समाधान : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. परत या, असं मनापासून सांगते. पण महाडची हकिगत सबंध वाचून या.

बाबासाहेब लंडनहून १९२३ मध्ये परतले. त्याच वर्षी सी. के. बोले यांनी मुंबई कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला आणि जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर काम झालं होतं. तळ्याला मात्र अस्पृश्य मानलेल्यांपैकी कुणी हात लावू शकत नव्हतं. मधली तीन वर्षं महाड परिसरात राहून माणसं जोडली ती रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या स्थानिक तरुणांनी. मार्च १९२७ ची परिषद महाडला व्हावी हा आग्रह त्यांचा होता. सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे सवर्ण समाजातले कार्यकर्ते सोबत उभे राहिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भरलेल्या पुढच्या परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. त्याआधी, २० मार्चला तळ्याचं पाणी प्यायल्यावर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. तिथल्या खेड्यांतल्या माणसांनी पुढे जे सोसलं, ते कोलंबियाच्या पदवीने टळलं नाही. तळ्याचा दावा १९३७ मध्ये उच्च न्यायालयात निकाली निघाला. दहा वर्षं गेली.

बाबासाहेबांची विद्या या लढ्याच्या कामी आली, कारण ती दाव्यांत, अर्जांत, ‘बहिष्कृत भारत’च्या अंकांत या माणसांसाठी राबली. तेव्हा लोक ऐकतील का, हा प्रश्न तुम्ही बाजूला ठेवा. तुमच्या तालुक्यातला मोरे कोण आहे, ते शोधा. तो बहुधा एखादी आशाताई असेल, ग्रंथालयात बसणारा मुलगा असेल, नाहीतर कातकरी वाडीवरचा एखादा तरुण असेल. त्याला काय हवंय ते विचारून मग कामाला लागा.

सिअॅटलचं म्हणाल, तर फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथला कायदा मांडला तो क्षमा सावंत यांनी. त्या जन्माने पुण्याच्या, वाढल्या मुंबईत. त्या सिअॅटलमध्ये राहत होत्या, तिथल्या नगर परिषदेवर निवडून आल्या होत्या आणि त्यांनी सिअॅटलचा कायदा बदलला. कॅलिफोर्नियातलं तसंच विधेयक मात्र त्याच वर्षी राज्यपालांनी नाकारलं. यातून तुमच्यापुरतं एक काम आजच सुरू होऊ शकतं. तुमच्या शहरातल्या मराठी मंडळात आडनावावरून अंदाज घेतला जातो का, लग्नं जुळवताना पहिला प्रश्न कोणता असतो, ते बघा आणि तिथे बोला. परदेशात आठशे किलोमीटर गाडी हाकून गणेशोत्सवाला जाणारी आपली माणसं जातीचा हा विषय काढायला बिचकतात. जर्मनीत बोलायला कचरलात, तर पनवेलमध्ये त्याहून कठीण जाईल.

शंका : परदेशात राहून गावच्या निवडणुकीत ऑनलाइन मत देता येतं का?

समाधान : नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना नमुना ६ अ भरून विधानसभेच्या यादीत परदेशस्थ मतदार म्हणून नाव घालता येतं, पण मतदान केंद्रावर मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः हजर राहावं लागतं. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं होतं, पुढे ते बारगळलं.

शंका : माझा मुलगा मेलबर्नला आहे. आमचं गाव पनवेल महापालिकेत गेलं, समोर टॉवर उभे राहिले, पण गावकी आहे तशीच आहे. शेजारचं घर वाळीत आहे. मुलगा फोनवर रागावतो, तुम्ही गप्प कसे बसता म्हणतो, घरच्या ग्रुपवर लांबलचक लिहितो. त्याचं खरं आहे हे कळतं. पण आम्ही दोघं म्हातारी. उद्या आमच्यापैकी कुणाचं बरंवाईट झालं तर खांदा द्यायला गावच येणार आहे. काय करू?

समाधान : ताई, तुमची भीती खरी आहे आणि तिच्यापायी तुम्हाला भित्रं म्हणण्याचा हक्क मेलबर्नहून कुणालाच नाही. गावकीची सगळी ताकद या एका प्रश्नात आहे : मयताला कोण येणार? पोलिसांत जा, पंचांना जाब विचारा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण शेजारच्या सुनेशी बोलणं थांबवू नका. दुपारी दारात बसता तेव्हा तिला हाक मारा. तिला सामान मिळत नसेल तर तुमच्या पिशवीत तिचंही आणा. साखर दिली म्हणून पंच विचारायला आले, तर त्यांना सांगा, उद्या तुमच्या सुनेला लागली तरी देईन. एक घर असं वागलं की दुसऱ्या घराला धीर येतो. आणि हो, बहिष्कार मोडला म्हणून पंचांनी तुमच्यावर दबाव आणला, तर तोही याच कायद्याखाली गुन्हा आहे.

हे पत्र तुमच्या मुलालाही दाखवा. त्याला माझा निरोप : बाळा, ग्रुपवर लिहिणं थांबव आणि यंदा गणपतीला रजा काढून ये. पहिल्या दिवशी शेजारच्या घरी आरतीला तू जा. तुझ्यावर बहिष्कार घालून गावकीला फारसं काही साधायचं नाही, म्हणून हे पहिलं पाऊल तुझं असायला हवं, आईचं नव्हे. परत जाण्याआधी आईवडिलांच्या मदतीला येतील अशी चार माणसं गावातून आणि समोरच्या टॉवरमधून जोडून ठेव, त्यांचे नंबर आईच्या फोनमध्ये घालून दे.

वाळीत पडलेल्या घरातल्या बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.