वेबसाइट बंद पडली, हे ग्राहकाच्या आधी तुम्हाला कळायला हवं!

ऑनलाइन दुकान रात्री बंद पडलं आणि सकाळी ग्राहकाच्या फोनवरून कळलं, तर रात्रभराच्या ऑर्डर गेल्याच की! म्हणून ‘अपटाइम कुमा’ या मोफत टूलमध्ये ईमेल अलर्ट आजच लावा.

१. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून ‘ईमेल (एसएमटीपी)’ निवडा.
२. जीमेलसाठी होस्ट ‘एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम’, पोर्ट ५८७.
३. नेहमीचा पासवर्ड चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्या.
४. ‘टेस्ट’ दाबा. मेल आला की सेव्ह करा आणि ही नोटिफिकेशन साइटच्या मॉनिटरला जोडा.

सगळ्यात महत्त्वाचं: हे टूल दुकानाच्याच सर्व्हरवर ठेवू नका. सर्व्हर पडला, की राखणदारही त्याच्यासोबत झोपतो!