साठेखत ते खरेदीखत : रखडलेल्या घरखरेदीत खरेदीदाराने घ्यावयाची दक्षता

स्वतःचे घर ही सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी होय. भविष्य निर्वाह निधीतील रक्कम, कापूस-सोयाबीनचे आलेले पैसे, प्रसंगी घरातील दागिने मोडून उभी केलेली पुंजी या एका व्यवहारात गुंतते. बुलढाणा जिल्ह्यात घाटावरील चिखली-मेहकर असो किंवा घाटाखालील मलकापूर-नांदुरा असो, घराचा व्यवहार बहुधा इसारचिठ्ठीने सुरू होतो, साठेखताने पक्का होतो आणि खरेदीखताने पूर्ण होतो. यांतील दुसऱ्या व तिसऱ्या पायरीमधील काळ हा सर्वांत धोक्याचा असतो. पैसे गेलेले असतात आणि घर मात्र नावावर झालेले नसते.

समजा, चिखली येथील एका शिक्षकाने 10 जून 2024 रोजी साठेखत केले व सहा महिन्यांत, म्हणजे 10 डिसेंबर 2024 पर्यंत, खरेदीखत करण्याचे ठरले. मुदत उलटली, विकणारा ‘पुढच्या महिन्यात पाहू’ असे सांगत राहिला. अशा वेळी शिक्षकाने काय करावे?

साठेखताने काय मिळते?

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 नुसार विक्रीच्या कराराने मालकी हक्क मिळत नाही. तो खरेदीखत नोंदविल्यावरच मिळतो. साठेखताने मिळतो तो करार पुरा करून घेण्याचा हक्क. मुखत्यारपत्र व करारनामा यांच्या आधारे मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

म्हणून साठेखत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदविणे अगत्याचे आहे. नोंदलेल्या कराराची माहिती सर्वांना आहे असे कायदा समजतो. त्यामुळे विकणाऱ्याने तेच घर दुसऱ्याला विकले, तर ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव त्या दुसऱ्या खरेदीदाराला सहसा घेता येत नाही. ताबा आधी घेतला असेल, तर कलम 53-अ चे संरक्षण मिळण्यासाठीही 24 सप्टेंबर 2001 पासून करार नोंदलेला असावा लागतो. मात्र ताबा दिलेल्या साठेखतावर खरेदीखताप्रमाणे मुद्रांक शुल्क लागते, हे ध्यानात ठेवावे.

विलंबाची कारणे

प्रत्येक विलंबामागे लबाडी असतेच असे नाही. वडिलांच्या निधनानंतर वारसनोंद झालेली नसते आणि लग्न होऊन परगावी गेलेल्या बहिणीची सही राहिलेली असते. घरावर बँकेचा बोजा असतो. जागा नझूल भाडेपट्ट्याची किंवा भोगवटादार वर्ग 2 ची असल्यास परवानगीचा प्रश्न येतो. गावठाणात अनेकदा ग्रामपंचायतीचा नमुना 8 एवढाच कागद हाती असतो. ही करआकारणीची नोंद होय. ती मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून गावठाणातील घरांच्या मिळकत पत्रिका तयार होत असून, जेथे ती उपलब्ध आहे तेथे ती अवश्य पाहावी.

कारण कोणते हे कळल्याशिवाय उपाय ठरत नाही. कागदाची अडचण असल्यास दोघांच्या संमतीने मुदत वाढवावी. परंतु ती लेखी, दोघांच्या सहीनिशी, व शक्य तर पुरवणी करार नोंदवूनच. तोंडी मुदतवाढ सिद्ध करणे कठीण जाते. विकणारा मरण पावल्यास करार संपत नाही. त्याचे वारस त्याने बांधलेले असतात.

मुदतीचा अर्थ

स्थावर मालमत्तेच्या करारात मुदत हे कराराचे सार आहे असे एरवी मानले जात नाही. पण यावर विसंबून राहणे योग्य नव्हे. दिल्लीतील एका घराच्या 1971 च्या करारात एकूण 1,78,000 रुपयांपैकी 98,000 रुपये ‘फक्त दहा दिवसांच्या आत’ देण्याचे ठरले होते. खरेदीदाराने ते दिले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर 1992 मध्ये निकाल दिला की, कराराची भाषा इतकी स्पष्ट असेल तेथे मुदत पाळलीच पाहिजे. खरेदीदाराचा दावा फेटाळला गेला. तेव्हा करारातील हप्त्यांच्या तारखा आपल्यालाही बांधतात, हे खरेदीदाराने विसरू नये.

नोटीस आणि तयारी

मुदत टळताच विकणाऱ्यास वकिलामार्फत पोचपावतीसह नोटीस पाठवावी. उरलेली रक्कम तयार असल्याचे सांगून खरेदीखतासाठी निश्चित तारीख व वेळ कळवावी. इंग्लंडमध्ये घराच्या करारांत अशा नोटिशीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत व्यवहार पूर्ण करण्याची अट सामान्यतः असते. आपल्याकडे दिवसांचा असा ठरावीक आकडा नाही. मुदत वाजवी असावी.

विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 16 नुसार आपण करार पाळण्यास सदैव तयार व राजी होतो, हे खरेदीदाराला सिद्ध करावे लागते. बँकेचे खातेपुस्तक, कर्जमंजुरीचे पत्र, नेमलेल्या दिवशी निबंधक कार्यालयात हजर राहिल्याचा पुरावा हे सारे जपून ठेवावे. 2018 च्या दुरुस्तीने करार पुरा करून देण्याचा आदेश मिळणे पूर्वीपेक्षा सुकर झाले आहे. तयारीची ही अट मात्र कायम आहे. दाव्यात ताब्याची, तसेच पर्यायाने इसार परत मिळण्याची मागणी सुरुवातीसच करावी.

तीन वर्षांची मर्यादा

मुदत अधिनियम, 1963 नुसार करारात तारीख ठरलेली असल्यास त्या तारखेपासून, आणि नसल्यास नकार कळल्यापासून, तीन वर्षांत दावा दाखल करावा लागतो. आपल्या उदाहरणातील शिक्षकाने 10 डिसेंबर 2027 पर्यंत दावा केला नाही, तर त्याची बाजू न्याय्य असूनही हक्क बुडेल. केवळ नोटीस दिल्याने किंवा बैठका चालू राहिल्याने ही मुदत थांबत नाही. ‘पुढच्या महिन्यात’ या शब्दांवर विसंबून तीन वर्षे सहज निघून जातात.

विकासकाकडील सदनिका

500 चौरस मीटरपेक्षा अधिक जागेवरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या नव्या प्रकल्पास 2016 चा स्थावर संपदा अधिनियम लागू होतो. करार नोंदविल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. ताब्यास विलंब झाल्यास ग्राहक व्याजासह पैसे परत घेऊ शकतो किंवा ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागू शकतो. त्यासाठी महारेराकडे तक्रार करता येते. खाजगी मालकाकडून जुने घर घेताना मात्र हा मार्ग उपलब्ध नसतो.

गावातील जाणत्यांचे कर्तव्य

इसारचिठ्ठीवर साक्षीदार म्हणून बहुधा शिक्षक, सरपंच वा पंचायत सदस्य यांनाच बोलावले जाते. सही करण्यापूर्वी त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात : खरेदीखताची तारीख लिहिली आहे काय, सर्व वारसांच्या सह्या आहेत काय, आणि साठेखत नोंदविणार काय. वाद उद्भवल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जाण्याचा सल्ला द्यावा. स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. लोकअदालतीतील तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते.

शब्दाला जागणारी माणसे आपल्या गावांत आजही आहेत. पण शब्द देणारा उद्या नसेल, किंवा त्याच्या मुलांना तो शब्द ठाऊक नसेल. म्हणून दिलेला शब्द तारखेसह कागदावर यावा, तो कागद नोंदला जावा आणि तारीख टळताच खरेदीदाराने जागे व्हावे. एवढी दक्षता घेतली, तर कष्टाची पुंजी आणि हक्काचे छप्पर दोन्ही राखता येतील.