गाईची धार आणि हवेचा दाब

ठाकुर्लीच्या फलाटावर तुम्ही नळीने शीतपेय पिता, तेव्हा ते वर कोण चढवते? ‘आम्ही ओढतो’ असे तुम्ही म्हणाल. खरे पाहता आपण नळीतील दाब फक्त कमी करतो. पेय वर ढकलते ती बाहेरची हवा. दूध काढण्याचे यंत्र याच तत्त्वावर चालते. हाताने धार काढणारा गवळी मात्र सडाचे वरचे टोक चिमटीत आवळतो आणि मूठ मिटून आतला दाब वाढवतो.

मंचरच्या भाग्यलक्ष्मी डेअरीत गाई गोल फिरत्या चौथऱ्यावर उभ्या राहतात आणि यंत्रे त्यांचे दूध काढतात. अशा यंत्रात सडाखालचा दाब बाहेरच्यापेक्षा साधारण ३५ सेंटीमीटर पाऱ्याने कमी ठेवतात. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. म्हणजे हा फरक पावणेपाच मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका झाला! तो सतत राहिला तर दुधाबरोबर रक्तही सडाच्या टोकाकडे साकळते आणि सड सुजतो. म्हणून पेल्यात रबरी अस्तर असते. अस्तर व पेला यांमधील पोकळीत स्पंदक आळीपाळीने हवा सोडतो व काढून घेतो. हवा आली की अस्तर मिटते, धार थांबते, सडाला मालीश होते. हे मिनिटाला सुमारे ६० वेळा घडते. वासरू तरी काय करते? चोखते, गिळते, पुन्हा चोखते.

पान्हा सुटण्यापूर्वीच यंत्र लावले किंवा कास रिकामी झाल्यावरही ठेवले, तर सडाचे टोक खरखरीत होते. पेला निसटला तर त्याहून वाईट. हवा जोराने आत घुसते आणि दुधाचे थेंब बाकीच्या सडांच्या तोंडावर आपटतात. त्यांतील जंतू सेंटीमीटरभर लांबीच्या दुग्धमार्गातून कासेत शिरतात, आणि कासदाह होतो. धारेनंतर हा मार्ग अर्धा तास तरी नीट मिटत नाही. म्हणूनच सड आयोडिनच्या द्रावणात बुडवतात आणि पुढे चारा टाकतात, म्हणजे गाय लगेच शेणात बसत नाही.

कासदाहात दुधातील मीठ वाढते. खारट दुधातून वीज अधिक सहज वाहते; काही यंत्रांच्या नळीतच विद्युतअग्रे बसवून ही वाहकता मोजतात. त्यामुळे कास सुजलेली दिसण्याआधीच आजाराचा सुगावा लागू शकतो.