पुतळ्यांची माळ

[वाडवडिलांकडून आलेल्या वस्तू आपण जपून ठेवतो, परंतु त्या वस्तूंची हकिकतही तितक्याच काळजीने जपतो काय? आपल्या घरी, आपल्याच बागेत झालेल्या एका विवाहाच्या निमित्ताने लेखकाने या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.]

चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने. आमच्या पुरंदर तालुक्यात या दिवसांत माळरान उन्हाने भाजून निघालेले असते; परंतु जेथे विहिरीला पाणी असेल, तेथे मात्र वसंत खरोखरच अवतरलेला दिसतो. २०२२ सालच्या वैशाखात आमची बाग अशीच बहरलेली होती. बांधावरच्या आंब्यांना पाडाला आलेल्या कैऱ्या लोंबत होत्या, अंजिराच्या झाडांवर हंगामातील शेवटची फळे पिकत होती, आणि विहिरीजवळच्या मोगऱ्याचा सुगंध पहाटेच्या वाऱ्याबरोबर घरापर्यंत येत होता.

त्याच वैशाखात आमच्या थोरल्या बंधूंच्या कन्येचा विवाह झाला. विवाह निश्चित होताच तिने आपली इच्छा बोलून दाखवली होती, "मंगल कार्यालय नको. माझे लग्न आपल्या आमराईतच व्हावे. आणि आजीच्या लग्नातले जे जे काही उरले असेल, ते सर्व त्या दिवशी मांडवात असावे." वराकडील मंडळी समंजस होती. त्यांनी आनंदाने रुकार दिला.

लग्नाच्या आदल्या दिवशी हळद दळण्यासाठी घरातले जुने जाते बाहेर काढले. त्याला सुपारी बांधून सुवासिनींनी हळद दळली. सायंकाळी हळदीचा समारंभ आटोपल्यावर माझ्या आईने आपली शिसवी पेटी ओसरीवर आणवली. आईचे वय तेव्हा ८६ वर्षांचे होते. तिच्याभोवती लेकी, सुना आणि नातवंडे दाटीवाटीने बसली.

प्रथम निघाली ती मलमलीच्या धुवट कापडात गुंडाळलेली पैठणी. गोदावरीच्या तीरावरील पैठण नगरावरून या वस्त्राला हे नाव पडले. पुढे नाशिक जिल्ह्यातील येवला येथेही त्याचे विणकाम भरभराटीस आले. पैठणीचे वैभव तिच्या पदरात असते. पदरावरील मोर, पोपट, वेली या आकृती भरतकामाने काढलेल्या नसतात. त्या मागावरच विणलेल्या असतात. प्रत्येक रंगाच्या धाग्याची कांडी निराळी असते, आणि विणकर एकेक धागा मोजून ती नक्षी अशी साधतो, की उत्तम पैठणीची उलटी आणि सुलटी बाजू सारखीच दिसावी. आईची पैठणी नऊवारी होती. तिच्या सासूने तिला दिलेली. घडी दीर्घकाळ एकाच जागी राहिली, तर रेशीम त्या रेषेवर विरते. म्हणून आई दर चार-सहा महिन्यांनी तिची घडी बदलीत असे. तरीही दोन जागी वस्त्र उसवले होते. पुतणीने ते कुशल रफूगाराकडून सांधून घेण्याची व्यवस्था आधीच केली होती. पदर मात्र अद्याप शाबूत होता.

पैठणीमागून मोत्यांची नथ निघाली, चांदीची जोडवी निघाली, पितळेच्या दोन समया निघाल्या. मुली प्रत्येक वस्तू हातात घेऊन न्याहाळीत होत्या. इतक्यात नात्यातील एका वृद्ध बाई म्हणाल्या, "या घरची पुतळ्यांची माळ कोठे आहे? ५१ पुतळ्यांची होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे."

व्हेनिस या इटलीतील नगराची सोन्याची नाणी व्यापाराच्या ओघाने पूर्वी आपल्या देशात येत. त्यांवर मनुष्याकृती ठसवलेल्या असल्यामुळे आपले लोक त्या नाण्याला 'पुतळी' म्हणत. अशी नाणी, आणि पुढे त्यांच्याच धर्तीवर घडवलेल्या सोन्याच्या पातळ चकत्या, रेशमी गोफात ओवून जी माळ करीत, ती पुतळ्यांची माळ. आमच्या घराण्यात ती तीन पिढ्या सासूकडून सुनेकडे येत गेली होती.

त्या बाईंच्या प्रश्नाने ओसरी एकदम निःशब्द झाली. मग माझ्या वहिनी हळूच, परंतु सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाल्या, "ती ज्यांच्याकडे गेली, त्यांना ठाऊक."

माझी थोरली बहीण अक्का समोरच बसली होती. तिने मान खाली घातली. तो टोमणा कोणासाठी होता, हे घरातल्या प्रत्येकाला कळले. सासूबाईंनी घराण्याची माळ सुनेला न देता लेकीला गुपचूप देऊन टाकली, अशी वहिनींची अनेक वर्षांची समजूत होती. त्या समजुतीपायी अक्काचे माहेरपण दोन दिवसांवर येऊन ठेपले होते. मी बोलण्यासाठी उठलो. परंतु आईने डोळ्यांनीच मला खाली बसवले. कारण त्या माळेचे काय झाले, हे आईखेरीज त्या ओसरीवर फक्त मला ठाऊक होते.

त्यासाठी पन्नास वर्षे मागे गेले पाहिजे. १९७२ सालचा दुष्काळ महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने विकली गेली. लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरीवर व सुकडीवर लोकांनी दिवस काढले. माझे आईवडीलही रस्त्याच्या कामावर जात. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. आमची विहीर आठ परसांवर कोरडी पडली होती आणि आंब्याची कोवळी कलमे माना टाकू लागली होती. गाव सोडून शहराची वाट धरावी, की विहीर आणखी खोल न्यावी, असा प्रश्न वडिलांपुढे पडला. खोल न्यावी, तर खाली काळा पाषाण; सुरुंगाला आणि मजुरीला पैसा कोठून आणणार?

एका रात्री आईने गळ्यातील माळ काढून वडिलांपुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी वडील मला बरोबर घेऊन सासवडला गेले. सराफाने तराजूत टाकलेल्या त्या पुतळ्यांचा किणकिणाट मला अजून ऐकू येतो. परत येताना वाटेत एका झाडाखाली बसून वडील म्हणाले, "हे कोणाजवळ बोलू नकोस. माझ्या आईला कळले, तर ती खचेल. मी ही माळ पुन्हा करून देईन. मग सर्वांना सांगू."

कामाच्या तेराव्या दिवशी पाषाणाला ओल फुटली. बाग वाचली, आम्ही गावातच राहिलो. परंतु माळ काही पुन्हा झाली नाही. आजीची दृष्टी अधू झाली होती. सणावाराला ती विचारी, "सूनबाई, माळ घातलीस ना?" आणि आई "हो" म्हणे. पुढे आजी गेली, काही वर्षांनी वडीलही गेले. दिलेला शब्द मागे राहिला, आणि त्या शब्दाआड एक गैरसमज वाढत राहिला.

लग्नाच्या दिवशी पहाटे गावचे जोशीबुवा आपल्या घराण्यात चालत आलेले घटिकापात्र घेऊन आले. पुतणीने त्यांना तशी विनंतीच केली होती. तांब्याची एक गोल वाटी, आणि तिच्या बुडाला सुईच्या अग्राएवढे छिद्र, एवढेच ते साधन. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती वाटी तरंगत ठेवतात. छिद्रातून पाणी आत शिरत जाते आणि बरोबर एका घटकेने, म्हणजे २४ मिनिटांनी, वाटी भरून बुडते. अशा ६० घटकांचा एक अहोरात्र होतो. 'त्याची घटका भरली', 'घटका मोजणे' हे आपल्या भाषेतील वाक्प्रचार या चिमुकल्या वाटीतूनच आले आहेत.

मुहूर्त सूर्योदयानंतर सहा घटकांनी होता. जोशीबुवांनी घंगाळासाठी पाणी मागितले. कोणी नळाकडे वळले, तोच आई म्हणाली, "थांबा. पाणी विहिरीचे हवे. आणि ते मी आणीन." तिने एका हाताने नातीचा हात धरला, दुसऱ्या हाताने वहिनींचा. अक्कालाही तिने हाक मारली. मी घागर घेऊन मागोमाग निघालो.

विहिरीवर आता विजेचा पंप आहे. परंतु जुना रहाटही आईने काढू दिलेला नाही. काठाशी उभी राहून ती म्हणाली, "पोरी, काल सगळ्यांनी माझी माळ विचारली. ती ही बघ. वरचे आठ परस तुझ्या पणजोबांचे. खालचे दोन परस माझ्या माळेचे. बहात्तरच्या दुष्काळात ती मी या पाषाणात घातली." मग ती वहिनींकडे वळली. "सूनबाई, अक्काला मी एक पुतळीही दिली नाही. तुझ्या सासऱ्यांना दिलेल्या शब्दापायी मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा भार अक्काने वाहिला, हे मला काल समजले. चूक माझी आहे."

माझीही मान खाली गेली. छत्तीस वर्षे मी वर्गात मुलांना सत्याचे धडे दिले होते. आणि माझ्याच घरात, एक शब्द बोलून मिटला असता तो सल मी मौनाने पोसला होता. दिलेला शब्द पाळणे हा गुण खरा. पण ज्या मौनामुळे निरपराध माणसावर ठपका येतो, ते मौन गुण राहत नाही.

वहिनींच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. त्यांनी अक्काचे दोन्ही हात धरले. "अक्का, मला माफ करा," एवढेच त्या म्हणू शकल्या. अक्का क्षणभर काही बोलली नाही. मग तिने पोहरा उचलून वहिनींच्या हाती दिला आणि म्हणाली, "आधी पाणी ओढ. सूर्य काही आपल्यासाठी थांबायचा नाही."

त्या पाण्याने घंगाळ भरले. सूर्यबिंब क्षितिजावर दिसताच जोशीबुवांनी वाटी पाण्यावर सोडली. लहान मुले घंगाळाभोवती कोंडाळे करून बसली. एका चुणचुणीत मुलाने आपल्या मोबाइलवरील घड्याळाशी पहिली घटका ताडून पाहिली आणि ती बरोबर उतरल्याचे पाहून तो चकित झाला. प्रत्येक वेळी वाटी बुडाली, की घंगाळाच्या काठावर कुंकवाची एक रेघ ओढली जाई. सहावी रेघ उमटली तेव्हा अंतरपाटाच्या एका बाजूस आजीची पैठणी नेसलेली पुतणी उभी होती. तिच्या नाकात नथ होती, कपाळी मुंडावळ्या होत्या. गळ्यात मात्र मोगऱ्याच्या माळेवाचून काही नव्हते. ती माळ तिच्यासाठी अक्का आणि वहिनींनी शेजारी बसून गुंफली होती. मंगलाष्टके संपली, अंतरपाट दूर झाला, आणि आमराईतल्या सावलीत अक्षतांचा वर्षाव झाला. दुपारच्या पंक्तीत पत्रावळीवर बागेतील अंजिरे वाढली गेली.

सासरी निघण्यापूर्वी पुतणीने एक काम केले. कोऱ्या वहीत तिने पेटीतील प्रत्येक वस्तूची नोंद केली : वस्तू कोणती, कोणाकडून आली, कोणी वापरली, तिचे पुढे काय झाले. आई सांगत होती, अक्का आणि वहिनी आठवण करून देत होत्या, आणि पुतणी लिहीत होती. नुसती वस्तू वारशाने दिली, तर तिच्याबरोबर कधीकधी कलहही जातो. तिची हकिकत दिली, तर घर एकत्र राहते. हे मला साठी उलटल्यावर कळले; तिला वेळीच कळले.

त्या वहीतील शेवटची नोंद अशी आहे : 'पुतळ्यांची माळ. पुतळ्या ५१. सध्या विहिरीत.'

शब्दार्थ

रुकार – संमती. शिसवी – शिसव नावाच्या लाकडाची. शाबूत – न बिघडलेला, धड. परस – खोली मोजण्याचे, पुरुषभर उंचीचे माप. सुकडी – दुष्काळात वाटला गेलेला पौष्टिक कोरडा आहार. मिलो – परदेशी तांबडी ज्वारी. घंगाळ – पाणी ठेवण्याचे रुंद तोंडाचे धातूचे भांडे. अहोरात्र – दिवस व रात्र मिळून होणारा काळ. पोहरा – विहिरीतून पाणी काढण्याचे भांडे. सल – मनात टोचणारे दुःख.

अभ्यास

१. 'पुतळी' हे नाव नाण्याला का पडले?
२. घटिकापात्राने वेळ कशी मोजतात, ते चार-पाच वाक्यांत सांगा. सहा घटका म्हणजे किती तास व किती मिनिटे?
३. माळ विकल्याची गोष्ट आईने इतकी वर्षे का सांगितली नाही? तिचे मौन योग्य होते काय? तुमचे मत कारणांसह लिहा.
४. 'आधी पाणी ओढ,' या अक्काच्या शब्दांतून तिच्या स्वभावाचा कोणता विशेष दिसतो?
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : माना टाकणे, कवडीमोलाने विकणे, घटका भरणे, मान खाली जाणे.
६. आपल्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूची हकिकत घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि ती आपल्या शब्दांत लिहून काढा.