ओहोटीच्या वाटेने कुलाब्याला

अलिबाग हे रायगड जिल्ह्याचे मुख्य गाव. ते समुद्राच्या काठी आहे. गावासमोर, किनाऱ्यापासून सुमारे दीड किलोमीटरवर, पाण्यात एक किल्ला आहे. त्याचे नाव कुलाबा. पूर्वी जिल्ह्याचेही नाव कुलाबाच होते. १९८१ साली ते बदलून रायगड झाले.

या किल्ल्याची एक गंमत आहे. भरती आली की त्याच्या चारी बाजूंना पाणी होते. मग होडीशिवाय जाता येत नाही. ओहोटी लागली की वाळू आणि खडक उघडे पडतात. मग माणसे पायी जातात, घोडागाडीही जाते.

आमच्या साक्षरता वर्गाने ठरवले, थंडीत एक दिवस अलिबागला जायचे. थंडीत भाताची झोडणी उरकलेली असते. आभाळ मोकळे असते. पावसाळ्यात खवळलेला समुद्र या दिवसांत शांत असतो. पण नेमके कोणत्या दिवशी आणि किती वाजता जायचे? इथे आपली सोय चालत नाही. पाण्याची वेळ पाहावी लागते.

पाऊणपटीचा हिशेब

समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ जातो. चंद्र आणि सूर्य समुद्राचे पाणी ओढतात. त्यात चंद्राची ओढ मोठी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते.

कोकणातल्या लोकांनी यावरून एक सोपा हिशेब बसवला आहे. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, तितक्या वाजता भरती. तिथी शुद्ध पक्षातली असो की वद्य पक्षातली, हिशेब एकच.

आम्ही भिंतीवरची दिनदर्शिका काढली. रविवारच्या चौकटीत तिथी लिहिली होती, चतुर्थी. चतुर्थी म्हणजे ४. चारची पाऊणपट ३. म्हणजे पहाटे तीनला भरती आणि दुपारी तीनला भरती. दोन्हींच्या मध्ये ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला. आम्ही वहीत लिहून घेतले : 'नऊला ओहोटी. दहाला परत निघणे.'

हा हिशेब अदमासाचा आहे, हे विसरू नये. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून किनाऱ्यावर गेल्यावर जाणत्या माणसाला विचारून खात्री करावी.

आणखी एक गोष्ट. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास चंद्राची व सूर्याची ओढ एकत्र पडते. तेव्हा पाणी फार चढते आणि फार ओसरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाणी थोडेच चढते आणि थोडेच ओसरते. त्याला भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत ओहोटीलाही वाट पुरती कोरडी होईलच असे नाही.

किल्ल्यावर

सकाळी सहाच्या एस.टी.ने आम्ही निघालो. अंगावर शाली, डोक्याला मफलर. उजाडले तसे अलिबागजवळची कांद्याची शेते दिसू लागली. भात निघाल्यावर इथले शेतकरी त्याच रानात पांढरा कांदा लावतात. या कांद्याला २०२२ साली सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे 'अलिबागचा पांढरा कांदा' हे नाव आता दुसऱ्या गावचा कांदा विकायला वापरता येत नाही.

किनाऱ्यावर एक कोळीणबाई भेटल्या. आम्ही वेळ विचारली. त्या म्हणाल्या, "आज चवथ हाय. नवाला पानी पार उतरंल. दहा वाजता मात्र माघारी फिरा." त्यांनी दिनदर्शिका पाहिली नव्हती. तरी आमच्या वहीतली आणि त्यांच्या तोंडची वेळ एकच निघाली.

ओल्या वाळूतून चालत आम्ही दरवाजाशी आलो. तेथे पुरातत्त्व खात्याचा फलक आहे. आमच्यातल्या एका आजींनी बोट ठेवून अक्षरे लावली, "कु-ला-बा." मग सगळ्यांनी मिळून पुढचे वाचले.

शिवाजी महाराजांनी १६८० साली हा किल्ला बांधायला घेतला. त्याच वर्षी महाराज गेले. पुढे संभाजी महाराजांनी काम पुरे केले. तटाचे दगड मोठमोठे आहेत. समुद्राकडच्या तटात ते नुसते एकावर एक रचले आहेत. मध्ये चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. म्हणून इतकी वर्षे लाटा खाऊनही तट उभा आहे.

आत गोड्या पाण्याची विहीर आहे आणि मोठी पुष्करणी आहे. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे! याच पाण्यावर शिबंदी राहत असे. जवळच गणपतीचे देऊळ आहे. ते राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधले. तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. त्यांच्यावर इंग्रजी अक्षरे आहेत. बरोबरच्या शाळकरी मुलीने ती वाचून दाखवली. इंग्लंडातल्या यॉर्कशायर भागात लो मूर नावाचा लोखंडाचा कारखाना होता. तोफा तिथल्या आहेत.

कान्होजी आंग्रे हे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. कुलाबा हे त्यांचे मोठे ठाणे. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले. पण किल्ला त्यांच्या हाती लागला नाही.

दहा वाजले

ऊन छान पडले होते. काही मंडळी तटावर बसली होती. एक काका म्हणाले, "अजून घटकाभर बसू. पाणी तर लांब दिसतंय."

वर्गात यंदाच लिहायला शिकलेल्या एका बाईंनी पिशवीतून वही काढली. त्या म्हणाल्या, "काका, पाणी लांब दिसतंय खरं. पण वहीत दहाला निघायचं लिहिलंय. चला." काका उठले.

ते बरेच झाले. सपाट किनाऱ्यावर भरतीचे पाणी सरळ समोरूनच येते असे नाही. खोलगट जागा आधी भरतात. पुढे कोरडे दिसते आणि मागची वाट तुटते. अशा वेळी किल्ल्यावरच थांबावे. पुन्हा ओहोटी लागेपर्यंत कित्येक तास जातात, पण जीव वाचतो. घाईने पाण्यात उतरणारा जिवाला मुकू शकतो.

दुपारी गावात कान्होजींची समाधी पाहिली. ते १७२९ साली वारले. किनाऱ्याजवळचा हिराकोट बाहेरून पाहिला. तिथे आता तुरुंग आहे. अलिबागेत १९०४ सालची एक वेधशाळाही आहे. पृथ्वी हा एक मोठा लोहचुंबक आहे. त्याची ओढ तिथे मोजतात. हे काम पूर्वी मुंबईत चाले. तिथे विजेच्या ट्रामगाड्या येणार होत्या. विजेने मोजमाप बिघडले असते, म्हणून ते इकडे आणले. यंत्रांच्या इमारतीत लोखंड वापरलेले नाही.

तीन वाजता पुन्हा किनाऱ्यावर आलो. सकाळी जिथे आमची पावले उमटली होती, तिथून होडी चालली होती. काका बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "ती वही मला पण करून दे बाई."

करून पाहा

१. आजची तिथी दिनदर्शिकेत पाहा. तिची पाऊणपट करा. आज भरती किती वाजता?
२. अष्टमीला भरती सहाला येते. मग दुपारची ओहोटी किती वाजता?
३. उधाण आणि भांग यांत फरक काय?
४. वाट पाण्याखाली गेली असेल तर काय कराल? दोन ओळी लिहा.