देणगी दिली, हिशोब कोण दाखवणार?

प्रश्न : गावातल्या नोंदणीकृत ट्रस्टला मी दरवर्षी देणगी देतो. हिशोब मागितला की विश्वस्त म्हणतात, ‘तुम्ही सभासद नाही.’ मला हिशोब पाहता येईल का?

उत्तर : हो, येईल. त्यासाठी सभासद असावे लागत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 नुसार ट्रस्टने 31 मार्चअखेरचे हिशोब तपासून घेऊन लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय कार्यालयाकडे पाठवायचा असतो. आधी विश्वस्तांकडे लेखी मागणी करा आणि पोच घ्या. दाद दिली नाही, तर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक देऊन धर्मादाय कार्यालयात नकलेसाठी अर्ज करा. तिथे माहिती अधिकाराचा अर्जही चालतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा.

कागद हातात आल्यावर शिल्लक रकमेवर समाधान मानू नका. अनुसूची नऊमधील उत्पन्न-खर्च पत्रकात ‘उद्दिष्टांवरील खर्च’ शोधा आणि तो आस्थापना खर्चाशेजारी ठेवून वाचा. शिक्षणासाठी स्थापन झालेल्या ट्रस्टचा शिक्षणावरचा खर्च नगण्य असेल, तर जाब विचारायलाच हवा. अनुसूची आठच्या ताळेबंदात विश्वस्तांना दिलेल्या आगाऊ रकमांचा वेगळा रकाना असतो. माझी नजर आधी तिथेच जाते. रोख शिल्लक आणि व्हाउचरांविषयी लेखापरीक्षकाचे शेरेही वाचा. ते बहुतेक जण वाचतच नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

अहवालच दाखल नसेल, तर धर्मादाय कार्यालयाकडे लेखी तक्रार करा. आणि यापुढची देणगी चेकनेच द्या. दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीला आयकरात सवलतही मिळत नाही.