झुडपाखालचा एलिया



जुन्या करारातील पहिल्या राजे या ग्रंथाचा १९ वा अध्याय आज घरी गेल्यावर सवडीने वाचावा. कर्मेल डोंगरावर बाल दैवताच्या ४५० संदेष्ट्यांपुढे एकटा उभा राहिलेला एलिया पुढच्याच अध्यायात रानातल्या एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागताना दिसतो. ईजबेल राणीने त्याला ठार मारण्याची धमकी दिली होती हे खरे. पण एवढा धीराचा माणूस एका निरोपाने खचावा? मला वाटते, भीतीच्या आधी थकव्यानेच त्याला गाठले होते. देवाने त्याला उपदेश केला नाही, बोलही लावला नाही. झोपू दिले. देवदूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले. तो जेवला आणि पुन्हा झोपला. पुन्हा उठवून पुन्हा जेवू घातले. मग ४० दिवसांची वाटचाल. तू इथे काय करतोस, हा प्रश्न देवाने विचारला तो त्यानंतर, होरेब डोंगरावर.

आपण नेमके उलटे करतो. थकलेल्या माणसाला आधी प्रश्न विचारतो.

एलियाच्या या अवस्थेला आजकाल ‘बर्नआउट’ म्हणतात. समईतले तेल संपले की वातच जळू लागते, तसे काहीसे. १९७४ साली न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी या विषयावर लेख लिहिला. त्यांनी ही अवस्था पाहिली ती पैशामागे धावणाऱ्यांत नव्हे, तर मोफत दवाखान्यात मनापासून सेवा करणाऱ्यांत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तिची तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना. संघटना तिला आजार म्हणत नाही, नोकरी-व्यवसायातून उद्भवणारी अवस्था म्हणते. पहाटे चारला उठून सगळ्यांचे डबे भरणारी आई या व्याख्येत बसत नाही. ती थकत मात्र नक्की असते.

मग अशा माणसाने करायचे काय? विश्रांती घ्या, असे सगळेच सांगतात. पण रिकामा बसलेला थकलेला माणूस बहुधा मोबाइल तरी चाळतो, नाहीतर त्याच त्या विचारांचे दळण दळतो. इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांना हे १,६०० वर्षांपूर्वी ठाऊक होते. संत अंतोनी (इजिप्तचे, पदुआचे नव्हेत) एकदा उबगून गेले. मनातले विचार पाठ सोडीनात. बाहेर येऊन पाहतात तो आपल्यासारखाच एकजण बसून दोरी वळत आहे. थोड्या वेळाने तो उठून प्रार्थना करतो, पुन्हा बसून दोरी वळतो. तो देवदूत होता. असेच कर, म्हणजे तरशील, असे त्याने सांगितले.

दुसरी गोष्ट आब्बा पॉल यांची, संत जॉन कासियन यांनी लिहून ठेवलेली. हे साधू वस्तीपासून इतके दूर राहत की त्यांच्या हातचे काम बाजारात नेण्याचे भाडेच त्याच्या किमतीहून अधिक झाले असते. तरी ते रोज खजुरीच्या पात्या जमवून काम करीत. गुहा भरली की वर्षाचे सारे काम जाळून टाकीत आणि पुन्हा सुरुवात करीत. व्यवहारी माणूस याला खुळेपणा म्हणेल. मला त्यात फार मोठे शहाणपण दिसते. ज्या कामाचा हिशेब कुणी मागणार नाही, असे काम हाताला मिळाले की मन सैल होते. आपले सगळे काम कुठल्या ना कुठल्या टार्गेटला बांधलेले असते. आता छंदही त्याच वाटेने चालले आहेत: केक केला की ऑर्डरी, चित्र काढले की फोटो टाकून लाइक मोजणे.

आपल्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी त्यांचा अनुभव लिहायला परवानगी दिली आहे. वीस-बावीस वर्षे पहाटेच्या लोकलने मुंबईला नोकरी. एके दिवशी गाडी समोर उभी असताना त्यांचा पायच उचलला नाही. “फादर, मिस्साला बसतो, पण आत काही पोचत नाही,” असे ते म्हणाले. डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन महिने रजा झाली. पहिले काही आठवडे नुसती झोप. मग माळ्यावरून वडिलांची करवत, रंधा आणि पटाशी खाली काढली. वडील सुतारकाम करीत. यांनी शाळेनंतर हत्यार हातात धरले नव्हते. महिनाभर खपून एक स्टूल केले. त्याचा एक पाय आखूड आहे. बायकोने त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि त्यावर कुंडी ठेवली.

पुढे एका शनिवारी दोघे गाडी काढून निघाली. कुठे जायचे ते ठरवले नव्हते. हायवेने मनोरपर्यंत गेली, तिथून उजवीकडे वळली, विक्रमगडवरून जव्हारच्या घाटाला लागली. आवणीचे दिवस होते. एका शेताच्या बांधावर तासभर बसून लावणी पाहिली, टपरीवर चहा-भजी खाल्ली आणि अंधार पडायच्या आत घरी परतली. जव्हारचा राजवाडाही पाहिला नाही. लग्नाला अठरा वर्षे झाल्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदाच आम्ही घड्याळ न पाहता बोललो, असे त्यांच्या पत्नी सांगतात.

अशा ठरावाविना केलेल्या प्रवासालाही ख्रिस्ती परंपरा आहे. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकलमध्ये ८९१ सालची नोंद आहे: तीन आयरिश माणसे वल्ह्यांशिवाय कातड्याच्या नावेतून समुद्रात निघाली. देवाच्या प्रेमासाठी परदेशी राहायचे होते, मग कुठे का असेना. सात दिवसांचे अन्न बरोबर होते. सातव्या रात्री ती इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. (आपण मात्र पेट्रोल पाहून निघावे.)

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. वाळवंटातील गुरू थकलेल्या साधूला खोली सोडू नकोस असे बजावीत. चौथ्या शतकातील एवाग्रियस सांगतात की दुपारचा सैतान आधी सूर्य हलतच नाही असे भासवतो, मग खिडकीबाहेर पाहायला लावतो, मग दुसरी जागा बरी असे सुचवतो. मग गाडी काढणे म्हणजे पळ काढणेच नव्हे का? फरक कसा ओळखायचा? मी एकच खूण पाहतो. पळून गेलेला माणूस परत येताना अधिक चिडलेला असतो, घरची माणसे त्याला अडगळ वाटतात. विश्रांती घेऊन आलेल्याला तीच माणसे पुन्हा दिसू लागतात. आणि झोप उडणे, जेवण न जाणे, जगणे नकोसे वाटणे असे असेल, तर स्टूल आणि घाट यांवर विसंबू नये, डॉक्टरांकडे जावे. प्रार्थना त्याबरोबर करावी, त्याऐवजी नव्हे.

संत थॉमस अक्वायनस यांनी खेळ आणि विरंगुळा यांवर गंभीरपणे लिहिले आहे. ज्याच्या वागण्यात त्यांना मुळीच जागा नाही तोही दोषी, असे त्यांचे मत. सेमिनरीत हा भाग आम्ही भराभर उरकला, परीक्षेला येत नसे.

आता पुन्हा होरेबवर. तिथे एलिया म्हणतो, मी एकटाच उरलो आहे. देव त्याला परत पाठवतो, पण दोन गोष्टी सांगून: तू एकटा नाहीस, अजून सात हजार आहेत; आणि अलिशाला तुझ्या जागी तयार कर. अलिशा तेव्हा शेतात नांगर धरून होता. म्हणजे विश्रांतीनंतर जुनेच ओझे जसेच्या तसे पाठीवर आले नाही, त्याची वाटणी झाली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २२ डिसेंबर २०१४ रोजी व्हॅटिकनमधील अधिकाऱ्यांपुढे पंधरा आजारांची यादी वाचली होती. माझ्यावाचून अडते असे वाटणे हा पहिला, मार्थासारखे कामात बुडून जाणे हा दुसरा.

आपल्याकडेही तीच ती दहा-बारा माणसे गायकवृंदात, सणाच्या समितीत आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात दिसतात. म्हणून धर्मग्राम मंडळाशी बोलून असे ठरवले आहे: ज्यांनी सलग तीन वर्षे एखादी सेवा केली आहे त्यांनी यंदा नाव दिले नाही, तर कुणीही त्यांच्या घरी कारण विचारायला जाणार नाही. नवीन नावांसाठी ऑफिसात वही ठेवली आहे. पहिले पान अजून कोरे आहे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू